कोल्हापूर सोडतेय, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतंय

शुक्रवारपेठ_वहिनी | १९ एप्रिल २०२६, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मेच्या शेवटी आम्ही कोल्हापूर सोडतोय. नवरा एकवीस वर्षं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता, आता चाकणला नोकरी लागलीय. भोसरीत भाड्यानं फ्लॅट बघितलाय. मुलगी अकरावीला जाईल. सासूबाई येणार की नाही ते अजून ठरलेलं नाही, म्हणजे त्या ठरवू देत नाहीत.

गावात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न एकच. 'का? हितं काय कमी हाय?' भाजीवाली, रिक्षावाले मामा, मुलीच्या क्लासचे सर, सगळ्यांचा तोच. मग मी तोंड पाडून म्हणते, 'काय करणार, नोकरी.' समोरच्याचं समाधान होतं. ज्या गावानं स्वतःला 'जगात भारी' ठरवून टाकलंय तिथनं कोण राजीखुशीनं जातंय हे कुणाला पटतच नाही. आणि मी राजीखुशीनं चाललेय. निदान अर्धी तरी.

आमचं घर शुक्रवार पेठेत, जामदार क्लबच्या खालच्या अंगाला. २००४ ला लग्न होऊन आले आणि २००५ ला पाणी घरात. वाटलं, असेल एखादं वर्ष असं. मग २०१९. मग २०२१. जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत, बाजूला साल लिहिलेलं. पहिल्या दोन सासऱ्यांनी मारल्या. तिसरी मुलीनं, कारण तोवर ते नव्हते. २०१९ ची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे.

जून लागला की तांदळाचं पिंप, गॅसची भरलेली जादा टाकी, कागदपत्रांची पेटी, सगळं माडीवर. गणपती होईपर्यंत स्वयंपाक खाली आणि तांदूळ वर. रोज वाटीभर तांदळासाठी जिना चढायचा. जुलैत डोळे उघडले की पहिल्यांदा मोबाईलवर पंचगंगेच्या पाण्याचा, राजाराम बंधाऱ्याचा आकडा. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या पोरीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, हेही. पावसाळ्यात शेजारीण 'जेवलीस काय' विचारत नाही, 'किती फूट' विचारते.

भोसरीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. बघायला गेलो तेव्हा नवरा पार्किंग आणि मेंटेनन्सचं विचारत होता आणि मी खिडकीतनं खाली बघत उभी. मनात एकच, हितं कुठलं पाणी येतंय! खांद्यावरनं पोतं उतरवल्यागत झालं. परत येताना किणीचा टोलनाका आला, आणि तिथं पोचलं की दर वेळी जे 'आलं गाव' वाटतं ते याही वेळी वाटलंच. तेव्हापासनं झोप उडालीय.

तुमच्यापैकी कुणी असं आनंदानं गाव सोडलंय काय? पोटासाठी सोडलेले भरपूर भेटतात. आनंदानं सोडलेलं कुणी असेल तर खरं खरं सांगा.

---

बावड्याचा_अभ्या | १९ एप्रिल, रात्री ११.५२

मी पयला!

वहिनी, गाव सोडताय सोडा, पण तिकडं मिसळ मागवली आणि 'कट वाढा' म्हटलं तर पोरगं कात्री घेऊन येईल. तर्री म्हणायचं. आणि सोबत पाव येतो, ब्रेडचे स्लाईस मागितले तर गिऱ्हाईक आजारी हाय समजत्यात. मी दोन वर्षं हिंजवडीत काढून परत आलो. कारण मिसळच समजा, बाकीचं सांगण्यासारखं न्हाई.

नाद खुळा लिवलंय. वाचालोय.

---

वर्ध्याची_मी | २० एप्रिल, सकाळी ९.१५

माझी उलटी केस. मी वर्ध्याची, नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून २०१२ ते १८ कोल्हापुरात, राजारामपुरी आठव्या गल्लीत. पहिले सहा महिने मला वाटायचं की सगळेच माझ्याशी भांडून राहिले. दूधवाला, घरमालकीण काकू, केएमटीचा कंडक्टर. मग उमजलं की तो 'चहा घेणार काय' चाच आवाज आहे.

परत विदर्भात बदली मागा म्हणून मीच मागे लागले होते. मिळाली तेव्हा पेढे वाटले मी. हो, आनंदानंच सोडलं. सामान भरलं त्या दिवशी काकूंनी जेवायला बोलावलं. पांढऱ्या रश्शाची वाटी दुसऱ्यांदा भरताना म्हणाल्या, 'घे गं, तिकडं कोण देतंय तुला.' अन् मग माझं जे झालं ते झालं. पेढे वाटलेली बाई हुंदके देत रस्सा पिऊन राहिली.

लेक तेव्हा पाचची. नागपूरच्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाली, 'मी आलो.' बाईंनी दुरुस्त केलं, 'मी आले म्हणायचं.' घरी येऊन मला विचारते, आई, त्या बाईंना कोल्हापूर म्हाईत न्हाई काय? आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात मी गमतीनं तिला 'काय करालायस' म्हटलं तर म्हणे, म्हणजे काय? ते मात्र लागलं मला.

---

शुक्रवारपेठ_वहिनी | २० एप्रिल, सकाळी १०.०५

@वर्ध्याची_मी, घरात मीही 'आलो-गेलो'च म्हणते हो. इथं लिहिताना तेवढी शुद्ध होते. माझी पोरगी तिकडच्या कॉलेजात काय करणार कुणास ठाऊक.

---

स्पष्टवक्ता_६५ | २० एप्रिल, दुपारी १२.३०

एवढी रडारड कशासाठी? कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर. वंदे भारत सुरू झाली आहे. पहाटे पाचला गाडी काढली तर नाश्त्याला गावात. मी १९७८ साली पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईला गेलो तेव्हा घरी फोन करायचा म्हणजे पोस्टात ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे. वर्षातून दोनदा गावी. कुणी विचारले नाही कसे वाटते म्हणून.

---

बावड्याचा_अभ्या | २० एप्रिल, दुपारी १२.४१

काका, महामार्गाच्या सहापदरीकरणाचे वळणरस्ते अलीकडं बघितलाय काय? पाचला निघून नाश्त्याला पोचलासा तर माझ्याकडनं मिसळ. दोन प्लेटा.

---

स्पष्टवक्ता_६५ | २० एप्रिल, दुपारी १.१०

मी रेल्वेनेच येतो. मिसळ मात्र लक्षात ठेवतो.

---

सुतारवाडा_कडेला | २० एप्रिल, रात्री ९.२०

वहिनी, राग मानू नका. तुमच्याकडं माडी हाय.

आमच्याकडं न्हाई. पंचगंगा पात्राबाहेर पडली की पहिला निरोप सुतारवाड्याला. महापालिकेची माणसं येत्यात, आम्ही गाठोडी उचलून चित्रदुर्ग मठात. चूल तिथं, पोरांचा अभ्यास तिथं, म्हातारीच्या गोळ्या तिथं. पेपरात फोटो येतो, पहिलं स्थलांतर म्हणून. एका वर्षी माझ्या पोराचा आला, कात्रण ठेवलंय त्यानं. घर सोडायचं, आठ-पंधरा दिवसांनी परत येऊन गाळ काढायचा, ह्यातच श्रावण जातो. बरं वाटतंय का वाईट वाटतंय ते बघायला कुणाला टाईम हाय.

तुम्हाला जायला मिळतंय, जावा. बरं वाटतंय तर वाटू दे. पण कुणापुढं तोंड पाडून उभं राहू नका, ते बघून आमच्यासारख्याला जास्त राग येतो.

---

शुक्रवारपेठ_वहिनी | २० एप्रिल, रात्री १०.४५

@सुतारवाडा_कडेला, राग कसला. बरोबर बोललात. लिहिताना माडी माझ्या डोक्यातच नव्हती, ती आहेच असं धरून चालले होते.

२०१९ ला त्या माडीवर आम्ही आणि शेजारची दोन घरं मिळून अकरा माणसं होतो. लाईट गेलेली, मोबाईल मेलेले. खाली पाणी भिंतीवर आपटत होतं, रात्रभर एकसारखं, जनावर अंग घासतंय तसं. मध्येच तांब्या-पातेली एकमेकांवर आदळल्याचा आवाज, म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं हे कळायचं. मला तेव्हा सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला असेल? एका संडासापुढच्या रांगेचा. तिसऱ्या दिवशी बोट आली. आता त्यातलं सगळ्यात आधी काय आठवतं, तर शेजारच्या आजींनी अंधारात चाचपत प्रत्येकाच्या हातावर मूठ-मूठ भडंग ठेवला होता. कुणाचा हात कुणाचा कळत नव्हतं, मला दोनदा मिळाला. मी सांगितलं नाही.

पाणी उतरल्यावरचं काही सांगत नाही. गाळाचा वास ज्यानं घेतलाय त्याला माहिताय.

---

गोलपोस्टमागचा | २१ एप्रिल, सकाळी ८.००

बेंगळुरूत चौदा वर्षं. घर हितलं, ईएमआय हितला, बायको हितली. फक्त शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की मोबाईलवर लाईव्ह लावून बसतो. परवा गोल झाल्यावर मी एवढ्या जोरात ओरडलो की खालचे शेजारी वर आले, इंडियाची मॅच आहे का विचारायला. म्हटलं न्हाई सर, पेठेची हाय. त्यांना काय कळणार आणि मी काय सांगणार. चहा पाजून पाठवलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, आनंदानं सोडलं. बावीसचा होतो, त्या वयात गाव अंगाला घट्ट होतंय.

---

काळाकोट | २१ एप्रिल, रात्री १०.१५

मी उलट दिशेनं आलोय, तेव्हा माझंही ऐकून घ्या. सोळा वर्षं मुंबईत हायकोर्टात वकिली केली. इथलं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, सहा जिल्ह्यांची कामं इकडं आली, आणि डिसेंबरात मी बोरिवलीचा फ्लॅट भाड्यानं देऊन परतलो. ज्या मागणीसाठी विद्यार्थी असताना मोर्चात घोषणा दिल्या ती पूर्ण झाली, स्वतःच्या गावात स्वतःची प्रॅक्टिस, आई रोज डबा देते. यापेक्षा जास्त काय मागायचं?

तरी सीपीआर दवाखान्यासमोर कोर्टातनं बाहेर पडलो की सहाच्या सुमाराला पाय उगाच भराभर उचलले जातात. लोकल पकडायचीय असं वाटतं. गर्दीला इतक्या शिव्या दिल्या आणि आता तीच आठवते. बायकोला सांगायची सोय नाही, तिनं माझ्यासाठी तिची नोकरी सोडलीय.

आणि एक गंमत. परवा रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूनं फिरत होतो, शाळेतला दोस्त भेटला. 'कधी आलायस? आणि जाणार कधी?' चार महिने झाले, प्रत्येक जण हेच विचारतो. इथं मी सुट्टीला आलेला आहे आणि बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवरनं मला काढून टाकलंय.

---

तिकटीवरचा | २२ एप्रिल, दुपारी ३.३०

जाणाऱ्यांचं, येणाऱ्यांचं सगळं वाचलं. आता जो कुठंच गेला न्हाई त्याचं ऐका.

गल्लीतली आम्ही नऊ पोरं एका वर्षी दहावी झालो. आता गल्लीत मी आणि एक जण, त्याचंबी दुबईचं चाललंय. मंडळाची वर्गणी पुण्यासनं जीपेवर येते. वेळेवर येते, मागितल्यापेक्षा जास्त येते, त्याबद्दल तक्रार न्हाई. पण मूर्ती ट्रॉलीवर चढवायला हात लागत्यात. गेल्या वर्षी शेजारच्या तालमीतनं चार पोरं उसनी आणली. उसनी! वडील असते तर मला घरात घेतलं नसतं. मिरवणुकीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर सात जणांचे रडके चेहरे आले, 'मिस करतोय भावा'. अरे मिस कसलं करताय, ट्रॉली ढकलायला या की.

वहिनी, तुमच्यावर न्हवं हे. तुमच्या घरात पाणी आलंय, तुम्ही जावा. पण ह्या धाग्यावर जो तो आपल्या जाण्याचं कौतुक सांगालाय म्हणून लिहिलं.

---

शुक्रवारपेठ_वहिनी | ३ मे, रात्री ११.२०

बरेच दिवस फिरकले नाही, चटणी चालली होती. यंदा जरा जास्तच केली, सात किलो मिरची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. देठं काढून माडीवर वाळवली, खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला तेलावर भाजला, लसूण सोलून बोटं अजून चुरचुरताहेत. डंकावर नंबर लावायला पहाटे साडेपाचला गेले तर पुढं चौदा डबे. कांडप चालू असताना बायका बाहेर पदर नाकाला लावून बसतात, शिंकत शिंकत जगाच्या गप्पा. एकीनं विचारलं, एवढी कुणासाठी? म्हटलं, पुण्याला चाललोय. ती लगेच, 'का? हितं काय कमी हाय?'

आणि सुतारवाड्याच्या दादांचं ऐकून मी पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हटलं, कमी काय न्हाई, पाणी जास्त हाय. सगळ्या हसल्या. एक म्हातारी म्हणाली, जा बाई जा, मला बोलवलं असतं तर मीबी गेली असती. तर असं आहे. उगाचच वर्षभर तोंड पाडून हिंडले.

आता सासूबाईंचं. आधी म्हणाल्या, धोंड्यात घर हलवत न्हाईत. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मेपासून. आम्ही म्हटलं भाड्याचं घर, वास्तुशांत थोडीच घालायचीय. तर नवीन काढलं, 'आषाढात टेंबलाईला पाणी घालायचं हाय, ते झाल्यावर बघू.'

बाहेरच्यांसाठी सांगते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी पेठापेठांतनं ते कळशीत भरून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. कळशीला हळदीकुंकू, फुलं, पुढं पी ढबाक वाजतंय, आणि वर पोचलं की देवीच्या पायऱ्यांवर पाणी ओतायचं. सासूबाईंनी लग्न झाल्यापासनं एक वर्ष चुकवलेलं नाही. २०२१ ला घर चिखलात असताना मी त्यांच्यावर ओरडले होते, जी नदी आपल्या घरात शिरते तिला डोक्यावर कसली मिरवता? शांतपणे म्हणाल्या, 'ती आपल्यात येती, आपण तिला वर नेऊन सोडतो. फिटांफिट.'

आता कॅलेंडर बघा. अधिक महिन्यामुळं आषाढ जुलैच्या मध्यावर लागतोय. म्हणजे ऐन पुराच्या तोंडावर त्या एकट्या घरात आणि आम्ही भोसरीत. ज्या आकड्यापासनं सुटका म्हणून मी एवढी खूश झाले होते तो आकडा मी तिकडनंही रोज बघणार. वर आता हाताशी जिनाही नाही.

---

सुतारवाडा_कडेला | ३ मे, रात्री ११.५०

घराची खूण सांगून ठेवा. ३५ फूट झालं की मी जाऊन मावशींना उचलून आणतो. ओरडल्या तर ओरडू देत.

---

तिकटीवरचा | ४ मे, सकाळी ७.१०

मीबी हाय. ट्रॉलीला माणसं न्हाईत, पण म्हातारीला उचलायला दोघं बास.

---

वर्ध्याची_मी | ४ मे, सकाळी ९.३०

चटणी थोडी इकडे पाठवता येईल का? पैसे देते. खरंच विचारते आहे.

---

शुक्रवारपेठ_वहिनी | ९ जून, सकाळी ६.३०

आलो हो भोसरीला, दहा दिवस झाले. (पोरगी कॉलेजात 'आलो'च म्हणणार आहे, ठरवून. बघू किती दिवस टिकतंय.) @वर्ध्याची_मी, तुमची बरणी कुरिअरनं गेलीय. पैसे नकोत, त्या घरमालकीण काकूंना एक फोन करा.

सामान लावताना तांदळाचं पिंप मी नवऱ्याकडनं माळ्यावर चढवून घेतलं. त्यानं मुकाट्यानं चढवलं. दोन दिवसांनी स्टुलावर उभी राहून वाटीभर तांदूळ काढताना माझ्या लक्षात आलं, आपण हे काय करालोय. अजून खाली घेतलेलं नाही.

आज पहाटे पाऊस लागला. उठून पहिल्यांदा मोबाईल. आकडा अजून लहान आहे.

---

बावड्याचा_अभ्या | ९ जून, सकाळी ८.१५

वहिनी, तिकडं किती फूट?

---

शुक्रवारपेठ_वहिनी | ९ जून, सकाळी ८.४०

फूट कसलं भावा, इथं दिवसाआड पाणी. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासनं एकच चाललंय, टँकर कितीला येणार. काल सासूबाईंना फोनवर सांगितलं. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'असू दे. आषाढ झाल्यावर येतो म्हटलोय न्हवं, येताना कळशीभर घेऊन येतो.'